डिजिटल व्यवहारातील विश्वास : शिक्का, किल्ली आणि पडताळणी

ग्रामपंचायतीच्या जुन्या कार्यालयात सार्वजनिक पैशाची राखण करणाऱ्या गोष्टी डोळ्यांना दिसत असत. लोखंडी कपाट, त्याचे कुलूप, धनादेशावर सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या सह्या, कार्यालयाचा गोल शिक्का आणि रोजच्या रोज लिहिली जाणारी कीर्द. बँकेतील कर्मचारी सहीचा नमुना काढून धनादेशावरील सहीशी ताडून पाही. शिक्का कोणाच्या खणात आहे आणि किल्ली कोणाकडे आहे, हे गावाला ठाऊक असे. कोणी परका मनुष्य शिक्का मागावयास आला असता, तर त्याला तो मिळाला नसता.

गेल्या काही वर्षांत या साऱ्या गोष्टींचे रूप पालटले. सातबाराचा उतारा डिजिटल स्वाक्षरीसह घरबसल्या मिळू लागला. निवृत्तिवेतन, शिष्यवृत्ती आणि पीकविम्याची रक्कम थेट खात्यात जमा होऊ लागली. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातील देणी ‘ई-ग्रामस्वराज’ प्रणालीतून अदा होऊ लागली आणि धनादेशावरील दोन सह्यांच्या जागी दोन डिजिटल स्वाक्षऱ्या आल्या. खेपा वाचल्या, विलंब कमी झाला, मधल्या हातांची संख्या घटली. हा लाभ मोठा आहे. मात्र शिक्का आणि किल्ली नाहीशी झालेली नाही, ती केवळ दिसेनाशी झाली आहे, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांच्या ध्यानात आलेली नाही. जो शिक्का आपण परक्याच्या हाती कधीही दिला नसता, तोच आज फोनवरील अनोळखी आवाजाला सहज सांगितला जातो किंवा कार्यालयातील टेबलावर बेवारस पडलेला असतो. सायबर सुरक्षेचा प्रश्न समजून घ्यावयाचा, तर आरंभ येथूनच केला पाहिजे.

यंत्र किल्ली ओळखते, माणूस नव्हे

डिजिटल स्वाक्षरी म्हणजे सहीचे छायाचित्र नव्हे. तिच्या मुळाशी गणित आहे. प्रत्येक स्वाक्षरीधारकाला परस्परांशी जुळणाऱ्या दोन किल्ल्या मिळतात. एक खाजगी, जी त्याच्याजवळच राहावयाची. दुसरी सार्वजनिक, जी कोणालाही पाहता येते. स्वाक्षरी करताना संगणक प्रथम त्या दस्तऐवजाचा एक ठरावीक लांबीचा आकडी गोषवारा काढतो. दस्तऐवजातील एखादा स्वल्पविराम बदलला, तरी हा गोषवारा पार बदलून जातो. तो गोषवारा खाजगी किल्लीने बंद केला जातो आणि पाहणारा सार्वजनिक किल्लीने तो उघडून मूळ मजकुराशी ताडून पाहतो. दोन्ही जुळले, म्हणजे दोन गोष्टी सिद्ध होतात : मजकुरात फेरफार झालेला नाही आणि ती विशिष्ट खाजगी किल्ली वापरली गेली आहे. अशा दोन किल्ल्यांच्या पद्धतीची मूळ कल्पना व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या शास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये जगापुढे मांडली. आपल्या देशात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये डिजिटल स्वाक्षरीला कायद्याची मान्यता मिळाली आणि तो अधिनियम १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. किल्ली वापरली गेली हे गणिताने सिद्ध होते; ती कोणाच्या बोटांनी वापरली, हे सिद्ध होत नाही. कार्यालयात ज्याला सर्वजण ‘डोंगल’ म्हणतात, त्या छोट्या उपकरणात सरपंचांची खाजगी किल्ली असते. ते उपकरण आणि त्याचा गुप्त क्रमांक ज्याच्या हाती असेल, तो यंत्राच्या दृष्टीने सरपंचच होय.

समजा, एका गावी सरपंचबाई नव्याने निवडून आल्या आहेत. संगणकाची सवय नाही म्हणून त्यांचे डोंगल केंद्रचालकाच्या खणात राहते आणि गुप्त क्रमांक त्यावरच चिठ्ठीने चिकटविलेला असतो. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांचेही डोंगल त्याच खणात. कामाची निकड असते, सर्वांचा एकमेकांवर लोभ असतो आणि कोणाचा हेतूही वाईट नसतो. तथापि, देयक तयार करणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, ही कायद्याने घातलेली दुहेरी चौकी त्या क्षणी मोडलेली असते. पुढे एखादी रक्कम भलत्या खात्यात गेली, तर कागदोपत्री ती सरपंचबाईंनीच दिलेली दिसेल. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ४२ या बाबतीत स्पष्ट आहे. खाजगी किल्ली आपल्या ताब्यात राखण्याची वाजवी दक्षता धारकाने घेतली पाहिजे. ती दुसऱ्याच्या हाती पडल्याचा संशय आल्यास प्रमाणपत्र देणाऱ्या प्राधिकरणाला विनाविलंब कळविले पाहिजे. आणि तसे कळवीपर्यंतचे दायित्व धारकाचेच राहते. ‘मला संगणक येत नाही’ ही सबब तेथे चालत नाही.

जुना तोतया आणि नवा तोतया

महाराष्ट्राला तोतया नवा नाही. १७६१ मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. काही वर्षांनी, मीच भाऊसाहेब, असे सांगणारा एक इसम पुढे आला. त्याला कैदेत ठेवण्यात आले होते. परंतु १७७६ मध्ये तो बाहेर पडला आणि कोकणातील अनेकांनी त्याला खरा मानून त्याचा पक्ष घेतला. त्याच वर्षाच्या अखेरीस बंड मोडले आणि तोतयाला देहान्त शासन झाले. त्याच्या पाठीशी उभे राहिलेले सारेच मूर्ख नव्हते. भाऊसाहेब परत यावेत अशी अनेकांची मनोमन इच्छा होती. ज्यावर विश्वास ठेवावा असे मनाला वाटते, त्याची शहानिशा करण्यास मन कचरते. तोतयाचे भांडवल हेच असते.

आजचा तोतया फोनवरून बोलतो. तो कधी बँकेचा अधिकारी असतो, कधी वीज तोडण्याची धमकी देणारा कर्मचारी, कधी शासकीय अनुदान मिळवून देणारा हितचिंतक. त्याची हत्यारे तीन : लोभ, भीती आणि घाई. ‘अनुदान मंजूर झाले आहे, क्रमांक सांगा’ हा लोभ. ‘तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत’ ही भीती. ‘दहा मिनिटांत केले नाही, तर खाते बंद होईल’ ही घाई. सारा खटाटोप एवढ्याचसाठी असतो, की ऐकणाऱ्याला शेजाऱ्याला विचारण्याची सवड मिळू नये.

यातील अत्यंत क्रूर प्रकार म्हणजे तथाकथित ‘डिजिटल अटक’. पोलिसांचा किंवा तपास यंत्रणेचा गणवेश घातलेला मनुष्य दृक्‌श्राव्य संभाषणातून समोर येतो, अटकेचा बनावट हुकूम दाखवितो, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, कोणाशी बोलू नका, असे बजावतो आणि चौकशीच्या नावाखाली आयुष्यभराची पुंजी दुसऱ्या खात्यात वळवून घेतो. सुशिक्षित आणि निवृत्त अधिकारीही याला बळी पडले आहेत. म्हणून प्रत्येक ग्रामसभेत आणि पालकसभेत एक वाक्य निःसंदिग्धपणे सांगितले गेले पाहिजे : फोनवरून किंवा कॅमेऱ्यातून अटक करण्याची तरतूद भारतीय कायद्यात नाही आणि कोणतीही तपास यंत्रणा चौकशीसाठी पैसे मागत नाही. पंतप्रधानांनीही ऑक्टोबर २०२४ मधील ‘मन की बात’ या आकाशवाणी कार्यक्रमात याच प्रकाराविषयी देशाला सावध केले होते.

तोतयेगिरी करून संगणकीय साधनाद्वारे फसविणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६-घ खाली, तर दुसऱ्याची डिजिटल स्वाक्षरी किंवा परवलीचा शब्द अप्रामाणिकपणे वापरणे हा कलम ६६-ग खाली अपराध आहे. दोहोंस तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

बँकेच्या नावाने ‘होय’ म्हणणारे यंत्र

माणसाप्रमाणे यंत्राचाही तोतया उभा करता येतो. याचे ठळक उदाहरण आपल्या पुण्यातच घडले. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लुबाडले गेले. आपण रोकड यंत्रात कार्ड घालतो, तेव्हा ‘या खात्यात पैसे आहेत काय?’ असा प्रश्न एका मधल्या जोडणी यंत्रणेमार्फत बँकेच्या मुख्य संगणकाला विचारला जातो आणि त्याने होकार दिल्यावरच नोटा बाहेर येतात. गुन्हेगारांनी दुष्ट प्रणाली घुसवून या मधल्या यंत्रणेची समांतर प्रतिकृती उभी केली. ११ ऑगस्ट रोजी बनावट कार्डांवरून आलेले प्रश्न मुख्य संगणकापर्यंत पोहोचलेच नाहीत. तोतया यंत्रणाच बँकेच्या नावाने होकार देत राहिली आणि काही तासांत देशोदेशींच्या रोकड यंत्रांतून नोटा बाहेर पडल्या. १३ ऑगस्ट रोजी आणखी सुमारे १३ कोटी ९२ लाख रुपये आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीतून हाँगकाँगमधील एका खात्यात वळविण्यात आले. या प्रकरणी पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये अकरा जणांना दोषी ठरविले.

खातेदारांच्या दृष्टीने यात एक दिलासा होता. कोणा एकाच्या खात्यातून हे पैसे गेले नव्हते. तोटा बँकेचा होता. परंतु होकार देणारा खरोखर तोच आहे काय, हा प्रश्न माणसाइतकाच यंत्रालाही विचारावा लागतो, हे या घटनेने दाखवून दिले.

दप्तरालाच लागणारे कुलूप

तिसरा धोका खंडणीचा. दुष्ट प्रणाली संगणकात शिरून सर्व धारिका सांकेतिक लिपीत बंद करते आणि त्या उघडून देण्यासाठी पैसे मागते. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाच्या अशा प्रणालीने दीडशेहून अधिक देशांतील दोन लाखांवर संगणक वेठीस धरले. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. विशेष म्हणजे, ज्या उणिवेतून ही प्रणाली शिरली, ती बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, १४ मार्च रोजी, उपलब्ध करून दिली होती. ज्यांनी ती वेळीच बसविली त्यांचे संगणक वाचले.

त्याच वर्षी जून महिन्यात अशाच एका हल्ल्यात मर्स्क या जहाज कंपनीची जगभरची यंत्रणा कोलमडली आणि तिचा फटका आपल्या उरणजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनललाही बसला. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे सर्व्हर बंद पडले, तेव्हा कित्येक दिवस रुग्णांच्या नोंदी हाताने कराव्या लागल्या.

यावरील उपाय जुन्या दप्तरखान्याला ठाऊक होता : महत्त्वाच्या कागदाची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवणे. मात्र ही प्रत ज्या साधनावर असेल, ते साधन एरवी संगणकापासून अलग ठेवले पाहिजे. सतत जोडलेल्या साधनावरील प्रत मूळ धारिकांबरोबरच कुलूपबंद होते. शिवाय ती प्रत उघडून पाहण्याची सवयही हवी. गरजेच्या दिवशी न उघडणारी प्रत असून नसल्यासारखीच.

दुसऱ्या वाटेने विचारणे

या तिन्ही धोक्यांवर लागू पडणारे एकच सूत्र सांगावयाचे झाले, तर ते असे : ज्या वाटेने मागणी आली, त्या वाटेने तिची खात्री करून घेऊ नये; दुसऱ्या, आपण स्वतः निवडलेल्या वाटेने करावी.

या सूत्राचे मोल बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेने अनुभवले. फेब्रुवारी २०१६ मध्ये चोरांनी त्या बँकेच्या संदेशप्रणालीत शिरून न्यूयॉर्कमधील तिच्या खात्यातून सुमारे ९५ कोटी १० लाख डॉलर वळविण्याच्या सूचना पाठविल्या. सूचना योग्य प्रणालीतून, योग्य परवलीच्या शब्दांनिशी आल्या होत्या; यंत्राला खोट काढण्यास जागा नव्हती. वेळही हेरलेली होती. ढाक्यात शुक्रवारची सुटी, न्यूयॉर्कमध्ये शनिवार-रविवारची आणि फिलिपाइन्समध्ये सोमवारी चिनी नववर्षाची. ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपाइन्समध्ये पोहोचले. मात्र श्रीलंकेकडे निघालेले २ कोटी डॉलर वाटेतच थांबले, कारण ‘फाउंडेशन’ या शब्दाचे इंग्रजी वर्णलेखन चुकले होते आणि मधल्या एका बँकेतील दक्ष कर्मचाऱ्याने खुलासा मागविला. थांबून विचारण्याची ही वृत्ती कोणत्याही यंत्राइतकीच मोलाची ठरली.

आपल्या रोजच्या व्यवहारात हे सूत्र असे वापरता येईल. बँकेतून फोन आला, तर तो ठेवून द्यावा आणि पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करावा. वरिष्ठ अधिकाऱ्यांचे छायाचित्र लावलेल्या व्हॉट्सॲप खात्यावरून पैशाची किंवा तातडीच्या माहितीची मागणी आली, तर त्यांच्या कार्यालयाच्या क्रमांकावर विचारून घ्यावे. खऱ्या अधिकाऱ्याला त्यात राग येण्याचे कारण नाही. एखाद्या ठेकेदाराने खाते क्रमांक बदलल्याचे पत्र ई-मेलने पाठविले, तर आधीपासून नोंदलेल्या दूरध्वनीवर खात्री केल्याखेरीज नवा क्रमांक नोंदवू नये. सातबाराचा उतारा कोणी पुढे केला, तर त्यावरील पडताळणी क्रमांक महाभूमीच्या संकेतस्थळावर तपासून पाहावा. संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट पाहण्याची सवय लावावी : शासकीय संकेतस्थळे प्रायः ‘गव्ह डॉट इन’ किंवा ‘निक डॉट इन’ यावर संपतात आणि बँकांनीही ‘बँक डॉट इन’ या राखीव पत्त्यावर यावे, असे रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये निर्देश दिले.

पंचायत आणि शाळा यांचे कर्तव्य

ग्रामपंचायतीने पुढील गोष्टी मासिक सभेच्या कामकाजात आणाव्यात. प्रत्येक डोंगल ज्याचे त्याच्याच ताब्यात राहावे आणि त्याचा गुप्त क्रमांक कोठेही लिहून ठेवू नये. पदाधिकारी बदलताच जुने प्रमाणपत्र रद्द करून घ्यावे; दप्तराच्या हस्तांतरण यादीत याचा उल्लेख असावा. स्वाक्षरी करण्यापूर्वी पडद्यावरील नाव, खाते आणि रक्कम ही कागदी प्रमाणकाशी ताडून पाहावी. सरपंचांना वाचण्यास अडचण असेल, तर सदस्यांपैकी एकाने ती मोठ्याने वाचून दाखवावी. महिन्यातून एकदा बँकेच्या विवरणपत्राचे कीर्दीशी मिळते-जुळते करून पाहावे. कार्यालयाच्या संगणकावर अनधिकृत प्रणाली बसवू देऊ नये आणि दुरुस्त्या आल्याबरोबर घ्याव्यात.

लाभार्थ्यांच्या याद्या हाही जोखमीचा विषय आहे. नाव, आधार क्रमांक, खाते क्रमांक आणि भ्रमणध्वनी एका कागदावर छापून तो सूचनाफलकावर किंवा व्हॉट्सॲप गटावर लावणे, म्हणजे तोतयाच्या हाती आयते साहित्य देणे होय. ‘तुमचा खाते क्रमांक अमुक आहे ना?’ असे कोणी अचूक विचारले, की समोरचा विश्वास टाकतो. आधार क्रमांकाचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत घेता येते आणि बोटांचे ठसे कुलूपबंद ठेवण्याची सोयही आधार प्राधिकरणाने दिली आहे. तिची माहिती ज्येष्ठ नागरिकांना करून द्यावी.

शिक्षकांचे स्थान यात आगळे आहे. घरोघरी आज आजोबांचा फोन नातू हाताळतो. त्या नातवाला चार गोष्टी पक्क्या समजल्या, तर घर सुरक्षित राहील. पहिली : यूपीआयचा गुप्त क्रमांक पैसे देण्यासाठी लागतो, मिळण्यासाठी कधीही लागत नाही. दुसरी : एकवेळचा परवलीचा क्रमांक, म्हणजे ओटीपी, ही क्षणभराची सहीच आहे; ती कोणालाही सांगावयाची नसते. तिसरी : लग्नपत्रिका, दंडाची पावती किंवा योजनेचा अर्ज या नावाने व्हॉट्सॲपवर आलेली ‘एपीके’ धारिका ही पत्रिका नसते, ती फोनमध्ये बसणारी प्रणाली असते, ती उघडू नये. चौथी : आपल्या फोनचा पडदा दूरच्या अनोळखी माणसाला दाखविणारी प्रणाली कोणाच्या सांगण्यावरून घेऊ नये. मुलांनी हे घरी जाऊन आजी-आजोबांना शिकवावे आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सांगावे, असा गृहपाठ द्यावयास हरकत नाही. शाळेनेही विद्यार्थ्यांच्या माहितीचा परवलीचा शब्द सर्वांनी मिळून वापरण्याची प्रथा सोडावी. मुलांच्या वैयक्तिक माहितीला २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने विशेष संरक्षण दिले आहे.

पहिला तास

एवढे करूनही फसवणूक होऊ शकते. अशा वेळी लाज बाळगून गप्प बसणे हे चोराला साहाय्य करण्यासारखे आहे. पळविलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या खात्यात वेगाने फिरविली जाते आणि ती काढून घेतली जाण्यापूर्वीच गोठविता येते. म्हणून पहिल्या तासाचे महत्त्व सर्वाधिक. प्रथम १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. त्याच वेळी आपल्या बँकेला सांगून खाते किंवा कार्ड बंद करावे. नंतर ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी व पोलीस ठाण्यात जावे. आलेले संदेश, क्रमांक आणि पावत्या पुसून टाकू नयेत. तो पुरावा असतो. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये घालून दिलेल्या सूत्रात, ग्राहकाचा दोष नसताना तिऱ्हाइताच्या लबाडीने रक्कम गेली आणि बँकेकडून कळल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत ग्राहकाने ते कळविले, तर त्याच्यावर भार पडू नये, असे म्हटले होते. कळविण्याच्या त्वरेला असे मोल आहे. शासकीय यंत्रणेवर हल्ला झाल्यास त्याची माहिती सहा तासांच्या आत ‘सर्ट-इन’ या राष्ट्रीय संस्थेला देण्याचे बंधन एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी घातले.

फसलेल्या व्यक्तीशी गावाने कसे वागावे, हाही सुरक्षेचाच भाग आहे. ‘एवढे शिकून फसलात कसे?’ असा उपहास झाला, तर पुढचा मनुष्य तोंड उघडणार नाही, पहिला तास वाया जाईल आणि तोच तोतया शेजारच्या घरी फोन करील. सरपंच, शिक्षक किंवा ग्रामपंचायत अधिकारी यांच्यापैकी कोणाकडे तरी अशा प्रसंगी निःसंकोचपणे धाव घेता येते, असा भरवसा गावात असणे हे कोणत्याही संगणकीय कवचापेक्षा कमी महत्त्वाचे नाही.

विश्वासाखेरीज व्यवहार चालत नाही. परंतु जुन्या काळी बँकेतील कर्मचारी सहीचा नमुना ताडून पाही, तेव्हा सरपंचांचा अपमान झाला असे कोणी मानले नाही. त्या ताडून पाहण्यामुळेच गावाचा पैसा सुरक्षित आहे, असा सर्वांना विश्वास वाटे. तीच रीत आता नव्या साधनांच्या बाबतीत अंगी बाणवावयाची आहे. आरंभ करण्यासाठी मोठ्या खर्चाची किंवा आदेशाची गरज नाही. उद्या कार्यालय उघडताच सरपंचांनी एवढेच विचारावे : माझे डोंगल या क्षणी कोठे आहे?